दोनदा भाजलेला खाऊ

(पडदा काळा. फक्त आवाज : काहीतरी कट्‌कन मोडतं. मग सावकाश चावल्याचा आवाज.)

हे बिस्किट मी खातोय. कुत्र्यासाठी केलेलं. चव सांगायची तर कोरडा पुठ्ठा, त्याला भोपळ्याचा पुसट वास. साखर नाही, मीठ नाही, लोणी नाही. दुसरा घास घ्यावासा वाटला नाही.

(ठकीचा चेहरा, अगदी जवळून. नाकपुड्या हलताहेत.)

ही ठकी. वय सहा वर्षं, वजन बरोबर दहा किलो. या बिस्किटाबद्दल तिचं मत माझ्या अगदी उलट आहे. आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशे. पण नाकाच्या बाबतीत आपण तिच्या जवळपासही पोचत नाही. मला जो भोपळा पुसट वाटतो, तो तिला ओव्हन तापल्यापासून घरभर दरवळतोय. म्हणून कुत्र्याचा खाऊ करायला बसताना आपली जीभ बाजूला ठेवावी लागते. अवघड असतं ते. हात आपोआप मिठाकडे जातो.

(ओटा. वजनकाटा. त्यावर रिकामं भांडं, आकडा शून्यावर.)

ओट्स मिक्सरमधून काढून केलेलं पीठ, २०० ग्रॅम. शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, १२० ग्रॅम. एक अंडं. संपलं सामान.

भोपळा का? ओलावा देतो, पिठाला धरून ठेवतो, आणि त्यातल्या तंतूंचा पोटाला त्रास होत नाही. त्याच्या जागी रताळं चालेल, गाजर चालेल, बिया काढलेलं सफरचंदही चालेल. गहू ज्या कुत्र्याला सोसतो त्याला कणीकही चालते. कुत्र्यांच्या अन्नाच्या ॲलर्जीत सर्वांत जास्त नोंदी आहेत गोमांस, दूध, चिकन आणि गहू यांच्या, याच क्रमाने. म्हणजे ‘धान्य वाईट, मांस चांगलं’ असा जो सरसकट समज आहे, तो या यादीपुढे टिकत नाही.

(पीठ मळणारे हात. भोपळ्याचा केशरी रंग पिठात मुरतोय.)

कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला पीठ कशाला, असंही कोणीतरी म्हणतंच. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये याचं उत्तर छापलं. पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज नावाचं विकर स्वादुपिंडात तयार होतं, आणि ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात फक्त दोन असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत निघाल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याची ही शरीरात उमटलेली नोंद. मात्र कुत्र्याच्या लाळेत हे विकर नसल्यातच जमा. शिवाय ठकी चावते कमी, गिळते जास्त. त्यामुळे पिठाचं पचन थेट आतड्यात सुरू होतं, आणि तिथे ते नीट व्हायचं तर पीठ पाण्यासकट शिजून फुललेलं हवं. भाजणं केवळ खमंगपणासाठी नाही, ते असं.

कच्चा गोळा तिला चाटू देत नाही, तो याच कारणाने आणि दुसऱ्याही : कच्च्या पिठात आणि अंड्यात साल्मोनेला असू शकतो. यीस्ट घातलेला कच्चा गोळा तर त्याहून वाईट. पोटाच्या उबेत तो फुगतच राहतो, आणि वर त्यातून अल्कोहोल तयार होऊन रक्तात जातं.

(ओट्यावर सामानाच्या बाटल्या. हात त्या एकेक करून उचलतो आणि चौकटीबाहेर नेतो.)

आता जे घालायचं नाही ते.

लोक घरी खाऊ करायला लागले त्यामागे भीती होती. २००७ सालापासून अमेरिकेत वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, जर्की, खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी यायला लागल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने आकडा सांगितला : ३,६०० कुत्री आजारी, त्यांतली सुमारे ५८० दगावली. वर्षानुवर्षं शोध घेऊनही नेमका दोषी घटक हाती लागला नाही. अशा बातम्या वाचल्या की घरचं ते सुरक्षित असं वाटणं साहजिक आहे. पण घरच्या फडताळातही कुत्र्यासाठी विष असतंच. ते आपण रोज खातो म्हणून विष वाटत नाही, इतकंच.

झायलिटॉल. साखरेऐवजी वापरतात. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असतं, काही पीनट बटरमध्येही असतं, आणि डब्यावर कधीकधी ‘बर्च शुगर’ या गोंडस नावाने छापलेलं असतं. माणसाला काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिनचा लोंढा येतो आणि रक्तातली साखर कोसळते, अनेकदा अर्ध्या तासाच्या आत. किलोमागे दशांश ग्रॅम पुरतो. ठकीच्या हिशोबात एक ग्रॅम. त्याच्या पाचपट गेलं तर यकृत धोक्यात.

चॉकलेटचं बहुतेकांना माहीत आहे. त्यातलं थिओब्रोमाइन आपल्या शरीरातून काही तासांत उतरतं. कुत्र्याच्या शरीरात त्याची मात्रा निम्म्यावर यायलाच साडेसतरा तास लागतात. मनुके आणि द्राक्षं मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे, पण किती मनुके चालतील याचा भरवशाचा आकडा कोणीच देत नाही, म्हणून उत्तर शून्य. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि इथे फसगत होते ती चिकन स्टॉकच्या वड्यांमुळे. खाऊला मांसाचा वास यावा म्हणून वडी विरघळवतात, त्यात कांद्याची पूड असते. जायफळ नको, मॅकाडेमिया नको.

बेकिंग पावडर? ती तर लागतच नाही. बिस्किट फुगवून करायचंय काय? उलट चपटं राहिलं तर चांगलं वाळतं. आणि वाळण्यावरच तर सगळं आहे.

(लाटण्याखाली पसरणारं पीठ. पट्टी लावून जाडी मोजतात : ५ मिलिमीटर.)

पहिल्यांदा मी साचा वापरला होता. हाडाचा आकार, दिसायला फार गोड. फोटोही काढले. मग वजन केलं तर कच्चं एक हाड बारा-तेरा ग्रॅमचं भरलं, म्हणजे तीसेक किलोकॅलरी.

कुत्र्याची रोजची गरज काढायचं एक सूत्र प्राण्यांचे डॉक्टर वापरतात. वजनाचा पाऊण घात घ्यायचा, त्याला ७० ने गुणायचं. ठकीचे येतात ३९४. नसबंदी झालेल्या, रोज बऱ्यापैकी फिरणाऱ्या कुत्रीसाठी त्याच्या १.६ पट, म्हणजे ६३०. खाऊ यातल्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा सर्वमान्य नियम. हाती उरतात ६३ किलोकॅलरी. त्या हिशोबाने दोन हाडं दिली की दिवस संपला. आणि दोन हाडं म्हणजे ठकीसाठी किती वेळ? अर्धा मिनिट.

(सुरीने उभे काप, मग आडवे. दीड सेंटिमीटरचे चौकोन.)

आता साचा खणात पडलाय. सुरीने चौकोन पाडतो. याच गोळ्याचे २८० तुकडे होतात, तुकड्यामागे सव्वातीन किलोकॅलरी. दिवसाला एकोणीस-वीस. ‘बस’ म्हटल्यावर एक, दारावरची बेल वाजूनही भुंकली नाही तर एक. माझा अनुभव असा की ठकी तुकडे मोजते, त्यांचं आकारमान मोजत नाही. शिकवताना चण्याएवढा तुकडासुद्धा पुरतो.

पीनट बटर घालायचा मोह होतोच. एक मोठा चमचा, १६ ग्रॅम, म्हणजे ९५ किलोकॅलरी. तुकड्यांत वाटला जातो म्हणून चालतं. पण तोच चमचा थेट चाटायला दिला तर दीड दिवसाचा खाऊ एका मिनिटात संपतो. शिवाय जास्त स्निग्ध पदार्थाने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं किरकोळ नसतं. वर झायलिटॉलची तपासणी आलीच.

(कच्च्या तुकड्यांचा ढीग, काटा : ३७० ग्रॅम. ट्रे ओव्हनमध्ये जातो. आतला दिवा.)

हा आकडा लक्षात ठेवा. तीनशे सत्तर.

१७० अंशांवर वीस मिनिटं. कडा जरा रंगल्या की बस, काळपट तपकिरी होऊ द्यायचे नाहीत. या टप्प्यावर तुकडा शिजलेला असतो, पण आतून मऊ. बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबलो होतो. गरम गरम तुकडे काचेच्या बरणीत भरले, वर झाकण घट्ट लावलं. बरणी दिसत होती झकास. दुसऱ्या दिवशी सगळे सादळले. पाचव्या दिवशी तळाला हिरवट ठिपके.

वरचे चांगले दिसणारे तुकडे वेचून घ्यावेत असं मनात आलं होतं. घेतले नाहीत, ते बरं केलं. बुरशीची काही विषं अशी आहेत की त्यांनी कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात, आणि ठिपका दिसतो त्याच्या पलीकडेही ती पसरलेली असू शकतात. बुरशी दिसली की अख्खी बरणी रिकामी करायची.

(जुन्या गलबताचं रेखाचित्र. टणक, भोकं पाडलेली बिस्किटं.)

बिस्किट या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ ‘दोनदा भाजलेलं’. समुद्रावर महिनोन्‌महिने टिकावीत म्हणून खलाशांची बिस्किटं पुन्हापुन्हा भाजून खडखडीत करत. गोदीवर उरलेली तीच बिस्किटं कुत्री कुरतडताना पाहून जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा कितपत खरी ते सोडा. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये त्याने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, हे खरं. गहू, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश. त्याच्याकडे पुढे चार्ल्स क्रफ्ट नावाचा तरुण नोकरीला लागला, आणि त्यानेच १८९१ साली क्रफ्ट्‌स हे कुत्र्यांचं प्रदर्शन सुरू केलं. ते अजून भरतं.

तर, दुसरं भाजणं.

(ओव्हनचं बटण मागे फिरतं : ९५. दाराच्या फटीत लाकडी चमचा.)

आच उतरवून ९५ अंशांवर. तुकडे उलटायचे, एकमेकांपासून सुटे करायचे. दाराला चमचा लावून फट ठेवायची, कारण वाफेला बाहेर जायला वाट हवी. ती आत कोंडली तर तुकडे वाळण्याऐवजी वाफवले जातात. दीड तास. मग ओव्हन बंद करून रात्रभर आतच सोडायचे.

अन्न खराब होतं ते त्यातल्या मोकळ्या पाण्यामुळे. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक अशा मापावर मोजतात. अन्नातून विषबाधा करणारे जिवाणू ०.८५ च्या खाली वाढत नाहीत, पण बुरशी चिवट, तिला थोपवायचं तर ०.६५ च्याही खाली जावं लागतं. हे मोजायचं यंत्र घरी नसतं. काटा असतो.

(सकाळ. तुकड्यांचा तोच ढीग काट्यावर : २२८.)

दोनशे अठ्ठावीस. एकशे बेचाळीस ग्रॅम पाणी रात्रीत उडून गेलं. त्या तीन जिन्नसांत मिळून पाणी होतं १६५ च्या आसपास, म्हणजे आता राहिलंय ते दहा टक्के. अडीचशेच्या वर आकडा असता तर ट्रे पुन्हा आत गेला असता. आणि काटाही नसेल तर मधलाच एखादा तुकडा घेऊन मोडायचा. वाकला तर ओला आहे. हा बघा…

(कट्‌. सुरुवातीचाच आवाज.)

असे तुकडे पूर्ण गार करून बरणीत दोन-तीन आठवडे राहतात. ज्या कुत्र्याचे दात पडलेत त्याला हे झेपायचं नाही, त्याच्यासाठी पहिल्याच भाजणीवर थांबावं आणि मऊ तुकडे फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर सरळ गोठवून ठेवावेत.

एक खुलासा करायलाच हवा. हे जेवण नाही. बिस्किटं जमली की पुढची उडी असते ती रोजचं सगळं जेवणच घरी करायची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय विभागाने २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तर ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होतं. खाऊत कॅल्शियम नसलं तरी बिघडत नाही, कारण उरलेलं नव्वद टक्के अन्न ते सांभाळतं. जेवणात ती सोय नाही. तिथे प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाशिवाय हात घालू नये.

(ठकी. तुकडा हवेत, ठकीची उडी. पुन्हा तुकडा, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा फोकस हुकतो.)

हे दृश्य तुम्ही पाहताय दोन सेकंद. आम्ही घेतलं अर्धा तास. कधी उजेड कमी, कधी ठकी चौकटीबाहेर, कधी माझाच हात आडवा. दर वेळी एक तुकडा, कारण फुकट उडी ती मारत नाही.

चित्रीकरण संपल्यावर तुकडे पुन्हा काट्यावर ठेवले. दोनशे बारा. सोळा ग्रॅम कमी, म्हणजे वीस तुकडे.

(काट्यावरचा आकडा. कॅमेऱ्यामागून कोणीतरी हसतं.)

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि आजचा खाऊ संपलाय. ठकीला हे अजून सांगितलेलं नाही. ती ओव्हनसमोर बसून आहे.