हायडेलबर्गच्या पाण्यातला बॉक्सर

नमस्कार मंडळी! पाहुणे आले की आपण त्यांना आपल्या या जर्मनीतल्या हायडेलबर्गचा किल्ला दाखवतो, नेकार नदीवरचा जुना पूल दाखवतो. पण भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक ऑगस्ट १९७२ मध्ये याच गावात मिळालं, आणि तेही सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या माणसाला, हे आपल्यातल्या किती जणांनी पाहुण्यांना सांगितलंय? म्युनिकचं ऑलिम्पिक तेव्हा सुरूही व्हायचं होतं.

हा माणूस म्हणजे मुरलीकांत पेटकर. मूळचे बॉक्सर. सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या दलात होते. १९६४ साली टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळले आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटलं. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याची शिट्टी काही जवानांना चहाची वाटली, असं सांगतात. पेटकरांना गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. एकविशीही पूर्ण झाली नव्हती.

मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पोहायला लावलं. पाय हलत नसले की ते पाण्यात नुसते मागून फरफटत येतात, सगळी मदार दंडांवर आणि खांद्यांवर. बॉक्सिंगने कमावलेले खांदे इथे कामी आले असणार, असं आपलं मला वाटतं. आणि मग हायडेलबर्गचं ते सुवर्णपदक: ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम! त्याआधी १९६८ ला तेल अवीवला ते टेबल टेनिसही खेळून आले होते.

अशी गोष्ट ऐकली की आपण 'काय जिद्द!' म्हणून मोकळे होतो. जिद्द होतीच हो. पण रुग्णालयात उपचार करणारी माणसं होती, टाटांच्या टेल्को कंपनीतली नोकरी होती, आणि परदेशवारीच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हातभार लावला होता. नुसत्या जिद्दीवर विमानाचं तिकीट मिळत नाही.

सरकारदरबारी मात्र उजाडायला फार वेळ लागला. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार. तेव्हा वय ऐंशी! सिनेमामुळे जाग आली की काय, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धेला पेटकरांचं नाव द्यावं, असं मी आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला सुचवलंय. फिरता चषक लागेल, तो माझ्याकडून.