मळकी बाजू, स्वच्छ बाजू

दक्षिण वेल्समधील ब्लेनाव्हन गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, सपाट छपरांची आणि मोठ्या काचांची ही इमारत उभी आहे. कोणी सांगितले नाही तर ती शाळा किंवा एखादे आरोग्यधाम वाटावी. प्रत्यक्षात हे बिग पिट या कोळसा खाणीचे स्नानगृह आहे. ते १९३९ मध्ये सुरू झाले, खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ पासून हा परिसर संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला आहे. येथे येणाऱ्यांना ओढ असते ती लिफ्टच्या पिंजऱ्यातून तीनशे फूट खाली उतरण्याची. आपण मात्र जमिनीवरच थांबणार आहोत, कारण ब्रिटनमधील श्रमिकांवर मारलेला अस्वच्छतेचा शिक्का आणि तो पुसण्यासाठी झालेली खटपट भुयारात दिसत नाही, ती या दालनांत दिसते.

हे उभे, अरुंद, लोखंडी लॉकर पाहा. प्रत्येक कामगाराच्या नावे असे दोन लॉकर असत, एक मळक्या बाजूच्या दालनात आणि दुसरा स्वच्छ बाजूच्या दालनात, आणि परतताना एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची वाट शॉवरवरून जात असे. घरून आलेला माणूस स्वच्छ बाजूने आत शिरे, अंगावरचे कपडे तेथे टांगे, टॉवेल आणि साबण घेऊन पलीकडे जाई, कामाचे कपडे चढवी आणि मळक्या बाजूच्या दाराने खाणीकडे निघे. पाळी संपली की हाच क्रम उलट्या दिशेने चाले. दाराशीच बुटांचा चिखल आणि भुकटी काढण्यासाठी फिरते ब्रश बसवलेले असत, आणि ते ओलांडल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये असा दंडक होता. घामाने आणि खाणीतल्या पाण्याने भिजलेले कपडे मळक्या लॉकरमध्ये जात. लॉकरांमधून गरम हवा खेळवलेली असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पाळीपर्यंत ते वाळून निघत. या साऱ्या रचनेत आम्हांला सर्वांत अक्कलहुशारीची वाटली ती ही गरम हवाच, कारण ओले कपडे घरच्या शेगडीसमोर वाळत घालायचे आणि त्यांतून झडणारी भुकटी भांड्याकुंड्यांवरून पुसत बसायचे, हे काम तिने मुळातूनच काढून टाकले.

शॉवरखाली एकाची पाठ दुसरा घासून देई. मग स्वच्छ बाजूला येऊन, कोट आणि टोपी घालून कामगार बाहेर पडे, तेव्हा तो कोळसा फोडणारा आहे की कुठल्या कचेरीतला कारकून आहे, हे लांबून सांगता येत नसे. जवळून मात्र सांगता येई. छायाचित्रातील या हाताच्या पाठीवर निळसर रेषा दिसतात. खाणीत कातडी फाटली की कोळशाची पूड जखमेत शिरे, जखम तिच्यासकट भरून येई आणि तो निळा व्रण आयुष्यभर राही. तो कोणत्याही साबणाने निघत नसे.

स्नानगृहे येण्यापूर्वीची तऱ्हा संग्रहातील या चित्रफितींत टिपली गेली आहे. लांबट पत्र्याचा टब एरवी मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे. पाळी सुटायची वेळ झाली की तो शेगडीपुढे मांडला जाई. घरातील स्त्री पाणी भरून आणी, आणि पुष्कळ वस्त्यांत नळ घरात नसे, तो अंगणात किंवा गल्लीत असे. ती ते पाणी मोठ्या पातेल्यांत तापवी, टबात ओती, नवऱ्याची पाठ घाशी आणि मग काळे पाणी उपसून बाहेर नेऊन टाकी. बाप आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना जात असतील तर हे सारे पुन्हा पुन्हा करावे लागे, आणि मिळकतीला हातभार म्हणून घरात पोटभाडेकरू ठेवला असेल तर त्याचीही भर पडे. पाठ वरचेवर धुतल्याने कण्यातली ताकद जाते, असा जुन्या खाणकामगारांमध्ये समज होता. त्यामुळे आठवड्यातून एकदाच पाठ धुणारेही होते. त्या पाठीची काजळी अंथरुणावर उतरली की ती चादर कोण धूत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणि एवढे करूनही पायरी घासायची उरलेली असे. उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक गावांत दाराच्या पायरीची कड पांढऱ्या किंवा पिवळट दगडी वडीने रंगवण्याची रीत होती, आणि जुन्या चिंध्यांच्या मोबदल्यात भंगारवाले ती वडी देत असत. वर धुराडी आणि खाली रहदारी अशा ठिकाणी ती कड किती वेळ पांढरी राहणार? तरीही ती घासली जाई, कारण रस्त्यावरून जाणाऱ्यांना घरातले काहीच दिसत नसे, पायरी तेवढी दिसत असे. श्रमिकांच्या एकाच आळीत 'प्रतिष्ठित' घरे आणि 'गबाळी' घरे अशी विभागणी असे आणि तिचा निवाडा पायरी, पडदे आणि मुलांच्या गळपट्ट्या पाहून केला जाई. हा निवाडा घरच्या बाईबद्दल असे, पुरुषाबद्दल सहसा नसे.

मध्यमवर्गाच्या घरीही पायरी घासली जात होती, फक्त ती मोलकरीण घासत होती. १९११ च्या जनगणनेच्या वेळी परक्या घरची चाकरी हाच इंग्लंड आणि वेल्समधील स्त्रियांचा सर्वांत मोठा रोजगार होता. ज्याच्या खोलीपर्यंत गरम पाणी दुसरे कोणी वाहून आणते, त्याला स्वच्छता हा आपल्या स्वभावाचा गुण वाटू लागतो आणि समोरच्याचा मळकेपणा हा त्याच्या स्वभावाचा दोष वाटू लागतो. साबणावर १८५३ पर्यंत कर होता, ही गोष्ट अशा वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. कामगारांना बाथटब दिले तर ते त्यांत कोळसा भरून ठेवतील, हा टोमणा ब्रिटनमध्ये कित्येक दशके मारला जात होता, आणि तो मारणाऱ्यांच्या शेगडीतला कोळसा त्याच कामगारांनी फोडलेला होता.

कायद्याने या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो १९११ मध्ये. त्या वर्षीच्या कोळसा खाण कायद्यानुसार दोन तृतीयांश कामगारांनी मागणी केली, देखभालीचा निम्मा भार उचलण्याची तयारी दाखवली आणि ती देखभाल दर कामगारामागे आठवड्याला तीन पेन्सांच्या आत बसत असली, तर मालकाने स्नानगृह बांधावे असे ठरले. कागदावर हे उदार दिसते. परंतु मत खाणीवर काम करणाऱ्यांना होते. पाणी वाहणाऱ्या आणि उपसणाऱ्या बायकांना ते नव्हते. मतदानात अनेक ठिकाणी स्नानगृहाचा प्रस्ताव पडला, कारण इतरांसमोर उघडे होण्याचा संकोच होता, गरम पाण्यातून थंड हवेत गेलो तर न्यूमोनिया होईल ही धास्ती होती आणि पगारातून आणखी पैसे कापले जाणार होते. लँकाशरमधील अ‍ॅथर्टन येथील गिबफील्ड खाणीत १९१३ मध्ये ब्रिटनमधील पहिले स्नानगृह उभे राहिले, तर वेल्समधील पहिले १९१६ मध्ये ट्रेहॅरिस येथे झाले. जर्मनी, बेल्जियम आणि फ्रान्समध्ये अशी सोय त्याआधीच रूढ झाली होती.

मग १९१९ साल आले. खाण उद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या तीन बायकांनी साक्ष दिली. त्यांपैकी एक होत्या ऱ्होंडा खोऱ्यातील एलिझाबेथ अँड्रूज. स्वच्छतेची महती सांगण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. पाण्याने भरलेले जड टब आणि पातेली उचलल्याने होणाऱ्या अकाली प्रसूतींबद्दल एका सुईणीचा अनुभव त्यांनी आयोगापुढे ठेवला, आणि शेगडीशी ठेवलेल्या उकळत्या पाण्याने लहान मुले भाजून मरतात हेही सांगितले. उमरावांच्या सभागृहाच्या इमारतीत, खाणमालकांचे प्रतिनिधीही असलेल्या आयोगासमोर, गरम पाण्याचे वजन हा विषय अशा रीतीने मांडला गेला.

पुढच्याच वर्षीच्या कायद्याने कोळशाच्या दर टनामागे एक पेनी याप्रमाणे खाणकामगार कल्याण निधी उभारला गेला. १९२६ मध्ये जमीनमालकांना मिळणाऱ्या खनिज स्वामित्वधनावर पाच टक्के अधिभार बसवून ती रक्कम खास स्नानगृहांसाठी राखून ठेवण्यात आली. जमिनीखालच्या कोळशावर बसल्या जागी हक्क सांगणाऱ्यांच्या पैशातून कामगारांची आंघोळ, हा न्याय आम्हांला मनापासून आवडला. निधीच्या स्वतःच्या वास्तुविशारदांनी मग एकामागून एक इमारती काढल्या, आणि त्यांत भरपूर उजेड, खेळती हवा, सपाट छपरे आणि सहज धुता येतील अशा भिंती यांवर भर दिला. बिग पिटमधील हे दालन त्याच मालिकेतले आहे. छतातून येणारा हा उजेड पाहिला की, खाणीतून वर आलेल्या माणसासाठी इतका प्रकाश मुद्दाम योजला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

स्नानगृहे आली तशी घरे कोरडी राहू लागली, बायकांचे कष्ट हलके झाले आणि ट्राममध्ये कामगाराला पाहून अंग चोरणारे कमी झाले. कातडीवरची भुकटी गेली तरी फुप्फुसांतली जात नव्हती, आणि तिच्यामुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारासाठी व्यापक भरपाई योजना यायला १९४३ उजाडले.

घरांचे काम मात्र मागेच राहिले. १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधील एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे पक्का बसवलेला बाथटब नव्हता. अशा घरातला खाणकामगार कामावरून आंघोळ करून येई, आणि त्याची बायको आणि मुले आठवड्याच्या शेवटी पत्र्याच्या टबात आंघोळ करीत. १९२६ चा अधिभार खाणीवरील स्नानगृहांसाठी होता, त्यात त्यांच्या न्हाणीघरासाठी तरतूद नव्हती.