धोटा

नमस्कार श्रोतेहो. सुट्टीत कुठं जायचं म्हटलं की आपल्याकडे महाबळेश्वर. (तिथं आता डोंगर कमी आणि स्ट्रॉबेरी-क्रीम जास्त, पण ते असो.) मी म्हणते, रात्रीची गुजरात मेल पकडा, सकाळी अमदाबाद. आणि मुक्कामात रविवार येईल असं बघा.

साबरमतीकाठचं हे गिरण्यांचं गाव. पहिली गिरणी 1861 ची. 1918 च्या संपात नदीकाठी बाभळीखाली गांधीजींच्या सभा व्हायच्या. अनसूयाबेन कामगारांच्या बाजूनं, सख्खे भाऊ अंबालाल साराभाई मालकांच्या. आता बहुतेक धुराडी थंड. काठाला सिमेंटचा लांबलचक रिव्हरफ्रंट, आत पाणी नर्मदेच्या कालव्याचं. नदी साबरमती, पाणी नर्मदेचं!

तर रविवार. एलिस ब्रिजजवळ जुना बाजार भरतो, गुजरी. मी मामांना घेऊन गेले होते. मामा 82 च्या संपापर्यंत लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला. गंजलेल्या पान्यांच्या ढिगात त्यांना धोटा दिसला, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. म्हातारा दुकानदार म्हणाला, दीडशे. मी शंभरावर आणत होते, तेवढ्यात मामांनी धोटा उचलला, बाजूच्या भोकाला ओठ लावले आणि सुंऽऽक करून श्वास ओढला. धोट्यात सुताची नवी कांडी भरली की तिचं टोक भोकातून असंच तोंडानं ओढून काढायचे.

म्हातारा उठून उभा राहिला. ‘कई मिल?’ मामा म्हणाले, ‘मुंबई, लालबाग.’ तोही साचेवालाच निघाला. दोघं पंधरा मिनिटं बोलले, हा मराठीत, तो गुजरातीत. मला वाटलं, आता फुकट देतोय. तर म्हणतो, तीनशे! कारण? ‘तुम्हाला याची किंमत कळते.’ मामांनी मुकाट्यानं तीनशे काढून दिले.

याच उष्ट्या धोट्यापायी दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, मुंबईतही आणि अमदाबादेतही. पगार साच्यावर जास्त, म्हणजे विटाळ बरोब्बर तिथंच आडवा यायचा. हे मामांनी मला परतीच्या गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

म्हणून पुन्हा सांगते, रविवार. एलिस ब्रिज. आणि भाव ठरेपर्यंत धोटा तोंडाला लावू नका.

घरी मामींनी आधी विचारलं, ‘कुणाकुणाच्या तोंडचा आहे हा?’ मामा म्हणाले, ‘आता माझ्याही.’ मग मामींनी तो डेटॉलच्या पाण्यानं दोनदा पुसला आणि टीव्हीशेजारी ठेवला.