मामाचा ओळंबा

हा मामाचा जुना शिक्का. बावीस वर्षं झाली तो डोंबिवलीत लोकांच्या घरांची कामं घेतोय, बाथरूमचं लीकेज, टाइल्स, किचनचा ओटा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं. आणि कोटेशनवर शिक्का मारला की नुसता काळा डाग उमटायचा. लोगोत कौलारू घर, हातोडा, ब्रश, पाना, वर पाच रंग, मोबाइलवर छान दिसायचं पण शिक्क्याची जागा ३८ बाय १४ मिलिमीटर, त्यात एवढा संसार मावणार कसा.

मामा म्हणाला, तू डिझाइनचं शिकलीस ना, मग दे की नवीन करून.

मी कॉम्प्युटर उघडलाच नाही, आधी दोन दिवस साइटवर जाऊन बसले. घर आणि हातोडा गल्लीतल्या प्रत्येक बोर्डवर असतो, मला मामाच्या हातातलं काहीतरी हवं होतं. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू आठवा, ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेलं खट्याळ पोर, बघितलं की कळायचं हे रंगाचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमची भिंत चढत होती. मामाने पिशवीतून ओळंबा काढला, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं टोकदार वजन, पितळी, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. लाकडी ठोकळा वरच्या विटेला टेकवला, दोरी सोडली, आणि ओळंबा डोलायचा थांबेपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही. मग मामा एवढंच म्हणाला, ओळंब्यात आहे.

मला तिथेच सापडलं! देवनागरीत अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, आणि फर्मचं नाव आमच्या गावच्या देवीचं, शेवटी काना. तोच काना खाली लांबवला आणि टोकाला ओळंबा लावला. पण मामी बघून म्हणाली, अगं हा गळका थेंब दिसतोय. लीकेज थांबवणाऱ्या माणसाच्या बोर्डवर गळका थेंब कसा चालेल, त्या रात्री मला झोप नाही लागली. सकाळी खरा ओळंबा कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवला तेव्हा लक्षात आलं, थेंबाचं टोक वर असतं आणि ओळंब्याचं खाली, मी पोट गोल केलं होतं. मग खांदे सरळ कापले, टोक धारदार केलं.

रंग एकच, विटकरी, आणि शिक्क्यावर नुसता काळा असला तरी बिघडत नाही. खालचा पत्ता मुक्ता फॉन्टमध्ये, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेला, फुकट वापरता येतो आणि बारीक अक्षरातही जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात. फाइल व्हेक्टरमध्ये दिली, म्हणजे शिक्का असो की टेम्पोची अख्खी बाजू, कडा फाटत नाहीत.

गोडाऊनच्या भिंतीवर मात्र मामाला फ्लेक्स नको होता, पेंटर बोलावला. शेवटचा काना रंगवून झाला तसा मामा शिडीवर चढला, खिशातून ओळंबा काढला आणि रंगाला न लागू देता शेजारी सोडला.

आम्ही सगळे खाली उभे, दोरी थांबायची वाट बघत.