मुक्कामी गाडीनं वेताळवाडी

नमस्कार श्रोतेहो! पाऊस उघडला की मला हमखास विचारतात, शनिवार-रविवार पाठीवर सॅक टाकून कुठं जावं? आणि स्वतःची गाडी नसेल तर? मी म्हणतो, नसेल तर उत्तमच. सिल्लोड-सोयगावकडं चला, अजिंठ्याच्या डोंगरात वेताळवाडीचा किल्ला आहे. गाडीवाला हळदा घाटात गाडी लावतो, वर जातो आणि फिरून तिथंच येतो. त्याचा खुंटा ठरलेला. एसटीनं गेलेला माणूस हळद्याच्या अंगानं चढतो आणि पलीकडं वेताळवाडीत उतरतो.

शनिवारी सकाळी संभाजीनगरहून सिल्लोड, तिथून उंडणगाव. वेळ असेल तर जंजाळ्याजवळची घटोत्कच लेणी बघा. वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याचा शिलालेख तिथं आहे. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणंही त्यानंच करवलेलं. तिथं लोक रांग लावतात आणि इथं फिरकत नाहीत. असो, रांगेशिवाय आपल्याला काही पाहिल्यासारखं वाटतच नाही.

मुद्द्याची गोष्ट: मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबून पहाटे परत निघणारी एसटी, कोणत्या गावाला जाते, ते सिल्लोडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा. मोबाइलवर बघू नका, खिडकीत विचारा.

मुक्कामी गाडीचं नाव निघालं, तर हे ऐकाच. आम्ही चौघं अशाच एका गाडीत बसलो होतो. शेजारच्या आजीनं सॅक चाचपून पाहिली.

"काय इकता, बाबा? चादरी?"

आमचा एक मित्र वात्रट. म्हणाला, "हो आजी, एका माणसाची गोधडी." झालं! मागच्या सीटवरून भाव सुरू झाला. शेवटी स्लीपिंग बॅग उघडून दाखवावी लागली. आजी चेनकडं बघत राहिली. "जित्या माणसाला असं बांधून घेता व्हय?"

गावात मारुतीच्या देवळात आम्ही पथारी टाकली. ड्रायव्हर-कंडक्टरही तिथंच. कंडक्टरसाहेबांना ती गोधडी काही विसरवेना. मित्रानं कौतुकानं त्यांना देऊन टाकली आणि स्वतः त्यांच्या सतरंजीवर झोपला.

पहाटे हाका ऐकू आल्या. चेन छातीशी अडकलेली! बनियनचं कापड दातांत गेलेलं. साहेब आत, दोन्ही हात आत, नुसतं डोकं बाहेर. ड्रायव्हर गाडी सुरू करून हॉर्न मारतोय. दुधाच्या कॅना चढल्या, बाजाराला निघालेली माणसं चढली आणि मग सगळी उतरून देवळात आली. कुणी म्हणालं कापा. मित्र ओरडला, "कापू नका, महागाची आहे!" साहेब आतून म्हणाले, "बनियन कापा, पण ड्युटीवर सोडा!"

आजी आली. आदल्या दिवशी शनिवार, म्हणजे मारुतीपुढं तेलाची कमी नाही. तिनं दोन बोटं तेल घेतलं, चेनीला चोळलं, देवाचं नाव घेतलं आणि सर्रकन ओढली. साहेब बाहेर! बनियनला तेलाचा हा एवढा डाग. तसाच शर्ट चढवला, तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवलं आणि पहिलं तिकीट आजीला. आजी म्हणाली, "मला फुकट हाय, पंच्याहत्तरी झाली." कार्ड दाखवलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

बरं, महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. त्या सवलतीवर देवदर्शनं खूप झाली, आता मैत्रिणींनी एखादा किल्लाही करावा, असं आपलं माझं मत.

किल्ल्यावर फार बोलत नाही. जंजाळा दरवाजा बघा, उत्तर टोकाची बारादरी, म्हणजे कमानींची हवेशीर बैठक, बघा, तिथं वारा खात दशम्या सोडा. पाणी खालूनच भरून न्या. पुन्हा सांगतो, पाणी खालूनच. बुरुजांवर गवत माजलेलं असतं, पाय जपून टाका. उतरलात की वेताळवाडीतून सोयगाव आणि सोयगावहून फर्दापूर. फर्दापूर जळगाव-संभाजीनगर रस्त्यावरच आहे, परतीची गाडी तिथं धरायची. पण सोयगावहून फर्दापूरला शेवटची गाडी किती वाजता, हेही शनिवारी सिल्लोडलाच विचारून ठेवा. त्याच खिडकीत.