कॅनडाची इंजिनं, लंकेचे रूळ

श्रोतेहो, नमस्कार.

डिझेल इंजिनाचा आवाज तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? कोकणात जाणाऱ्यांना नक्की आठवत असेल. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि रत्नागिरीच्या फलाटावर उभं असताना छातीत घुमणारा तो धडधडाट विरळ होत गेला. धूर गेला, इंधनाचा खर्च वाचला, हे चांगलंच झालं. पण तो आवाज ज्यांच्या कानांत मुरलाय, त्यांना मी आज श्रीलंकेला नेणार आहे. तिथे विजेवर चालणारा रेल्वेमार्ग अजून नाही. आणि 1954 पासून येत गेलेली काही डिझेल इंजिनं तिथे आजही प्रवासी गाड्या ओढतात.

ही इंजिनं तिकडे पोचली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. 1950 साली राष्ट्रकुलातल्या देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची कोलंबोत बैठक झाली. त्यातून ‘कोलंबो योजना’ उभी राहिली: आशियातल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना हातभार लावायचा. त्या योजनेतून कॅनडाने तेव्हाच्या सिलोनला रेल्वे इंजिनं दिली. बांधली होती ओंटारिओ प्रांतातल्या लंडन नावाच्या शहरात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. तिकडच्या रेल्वेत त्यांचा वर्ग ‘एम-2’. देणाऱ्याची आठवण म्हणून इंजिनांना नावं मिळाली ती कॅनडाच्या प्रांतांची: ओंटारिओ, अल्बर्टा, मॅनिटोबा. नारळीच्या बागांमधून अल्बर्टा धावतेय, ही कल्पनाच मला फार आवडते. 

कोळशाच्या इंजिनांकडून डिझेलकडे जाण्याचा तो काळ बी. डी. रामपाला यांनी पेलला. सिलोन रेल्वेचे ते पहिले स्थानिक मुख्य यांत्रिक अभियंता. 

आता आवाजाकडे येतो, कारण रेडिओवर आपल्याकडे आवाजच आहे. आपल्याकडची जुनी डिझेल इंजिनं, वाराणसीला बांधलेली, मूळ अमेरिकन अल्को कंपनीच्या आराखड्याची. ती चार-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या दोन फेऱ्यांना एक स्फोट. उभी असली की ठोके सुटे सुटे ऐकू यायचे. एम-2चं इंजिन टू-स्ट्रोक. ज्यांनी जुनी राजदूत मोटरसायकल चालवलीय त्यांना फरक लगेच कळेल: दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, त्यामुळे आवाज सलग, भरलेला. 12 सिलिंडर, 1,425 अश्वशक्ती. गाडी सुटताना त्यावर हवा भरणाऱ्या ब्लोअरचा चढता सूर मिसळतो, आणि रेल्वेवेडा माणूस डोळे मिटूनही सांगतो की पुढे कॅनडावालं लागलंय.

ही इतकी वर्षं टिकली याचं कारण बांधणीत आहे. एका सिलिंडरचं काम निघालं तर दट्टा, लायनर, हेड हा सगळा संच तेवढ्यापुरता उचलून बाहेर काढता येतो. अख्खं इंजिन उतरवावं लागत नाही. शिवाय याच कंपनीच्या पुढच्या पिढीचे संचही यात बसवता येतात. पण नुसत्या बांधणीने सत्तर वर्षं निघत नाहीत. रत्मलानाच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या कारागिरांनी, तिथल्या यादवी युद्धाच्या आणि टंचाईच्या वर्षांतही, ही इंजिनं पुन्हा पुन्हा रुळावर आणली. मला या गोष्टीत सर्वांत मोठे वाटतात ते हे लोक.

त्यांच्या हातचं सर्वांत अवघड काम म्हणजे 591 क्रमांकाचं मॅनिटोबा. 26 डिसेंबर 2004, सकाळची वेळ. कोलंबोहून किनाऱ्याने मातरकडे निघालेली गाडी पेरलिया गावाजवळ थांबली होती. त्सुनामीची पहिली लाट आली तेव्हा आसपासचे लोक आसऱ्यासाठी गाडीत चढले, काही डब्यांच्या आडोशाला उभे राहिले. दुसऱ्या लाटेने सगळी गाडी उचलून फेकली. हजाराहून जास्त माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासात इतकी प्राणहानी झालेला दुसरा अपघात नाही.

गाडीच्या पुढे मॅनिटोबा होतं. ते चिखलातून काढलं, रत्मलानाला दुरुस्त केलं आणि पुन्हा कामाला लावलं. पुढे 26 डिसेंबरला हेच इंजिन गाडी घेऊन पेरलियाला जायला लागलं. जीव वाचलेले, घरची माणसं गमावलेले त्या गाडीने येतात, उतरून दिवे लावतात, प्रार्थना करतात. 

असं इंजिन संग्रहालयात ठेवावं, असं कुणालाही वाटेल. कडुगन्नावाला 2014 पासून चांगलं रेल्वे संग्रहालय आहेही. माझं मत वेगळं आहे. कडुगन्नावाला ते रंगवून, झाडून-पुसून उभं राहील, पण पेरलियाच्या लोकांना घेऊन जाणार कोण? दट्टे बदलता येताहेत तोवर त्याला गाडी द्यावी.

तुमच्यापैकी कुणी श्रीलंकेला जाणार असाल तर कोलंबो फोर्ट स्टेशनवर संध्याकाळचा तास-दीड तास मोकळा ठेवा. ऑफिस सुटल्यावरच्या गाड्या एकापाठोपाठ निघतात. प्रत्येकीच्या पुढे जाऊन इंजिनाची बाजू बघा. प्रांताचं नाव दिसलं तर किनाऱ्याच्या गाडीचं तिकीट काढा, पहिल्या डब्यात बसा आणि खिडकी उघडी ठेवा.

नमस्कार.