ताप गेला, पाय गेले

(दृश्य नाट्यरूपांतरित)

कोल्हापुरातली एक तालीम. पहाटेचे साडेपाच. पावसाळी हवेनं लाल माती दमट झालीय. जोर-बैठका चालल्यात. विशीतला एक पैलवान बैठकीत खाली जातो आणि तिथंच अडकतो. खांब धरून कसाबसा उठतो. वस्ताद खेकसतात, "काय रं, डेंग्यूचा ताप जाऊन आठवडा झाला की! अजून आळस हाय व्हय अंगात?"

तालमीत अशक्तपणावरचा इलाज ठरलेला: थंडाई, तूप, बदाम. डेंग्यूनं अंग मोडतंच, त्यामुळं कुणाला वावगं वाटत नाही. पण नुसत्या अशक्तपणात तळपायाला मुंग्या येत नाहीत. याच्या दोन्ही पायांना आल्यात. काल चप्पल पायातून निसटत होती, आज जिना चढवेना.

हा गियाँ-बारे सिंड्रोम, जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात साथ आली आणि हे नाव घरोघरी पोचलं. तिथं बोट दूषित पाण्याकडं आणि मुख्यतः एका जिवाणूकडं होतं. पण फ्लू, झिका, कोविड, क्वचित डेंग्यूनंतरही हे होतं. ताप उतरलेला असतो. त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती मात्र काही दिवसांत, कधी तीन-चार आठवड्यांनी, आपल्याच नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, उलटते. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो, म्हणून चटकन सुचतही नाही.

डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात. पाय उडत नाही. मग म्हणतात, "एका दमात आकडे म्हण बघू." पोरगा बारावर थांबतो. शेजारी उभ्या मित्रांना हसू येतं, डॉक्टरांना नाही. श्वासाचे स्नायू ढिले पडू लागलेत. चार-पाच रुग्णांतल्या एकाला तरी व्हेंटिलेटर लागतो.

उपचार दोन: पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं), नाहीतर रक्तातला प्लाझ्मा बदलणं. स्टेरॉइडचा इथं उपयोग नाही. इम्युनोग्लोब्युलिनचा डोस वजनावर, किलोला २ ग्रॅम. ८० किलोच्या गड्याला १६० ग्रॅम. कमावलेलं शरीर बिलात असं मोजलं जातं! बहुतेक जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात, काहींच्या पायांत कमजोरी राहून जाते. आखाड्यात परत कधी, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत.

तापानंतर दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक घटत असेल, तर गल्लीतल्या सलाइनवर दिवस घालवू नका. कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय गाठा, किंवा जिथं आयसीयू आहे असं दुसरं रुग्णालय. आणि गिळताना ठसका लागला, बोलताना धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका.